रिकाम्या गाडीचं वजन

खानापूर सोडून लोंढ्याकडं निघालं की
डाव्या हाताला आमचा काटा.
पाटीवर वरची ओळ कन्नड, खालची मराठी,
आकडे इंग्रजी, म्हणून त्यांच्यावरून भांडण नाही.
भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी,
वजा करून उरतो तो माल.
एकवीस वर्षं हेच.
आता माणूस समोर आला तरी
मनातल्या मनात वजाबाकी सुरू होते.

काट्यामागं लुमाण्णा हलगेकरची वखार.
करवतीखाली भुसा पडायचा,
सागाचा पिवळट, किंदळाचा तांबूस,
आणि तो कुणाचाच नसायचा.
मल्लवा निट्टूरकर गोणपाट घेऊन यायची.
शेगडीच्या मधोमध सोड्याची बाटली उभी धरायची,
भोवती मुठीनं भुसा ठासायची,
मग बाटली फिरवत फिरवत
अलगद काढून घ्यायची.
"जळतंय ते भोक," म्हणायची,
"भुसा नुसता राखण करालाय."

मग लांबच्या एका थंड देशानं ठरवलं,
कोळसा पाप, लाकूड पुण्य.
लाकूड जाळून वीज करील त्याला
युनिटमागं सरकार पैसे देणार.
त्या देशाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही,
पण त्याचा कागद आमच्या वखारीत आला,
कागदामागून मशीन,
भुसा दाबून करंगळीएवढ्या कांड्या काढणारं.
पेलेट. लुमाण्णा शेवटपर्यंत प्लेटच म्हणाला.

भुशाला दर आला.
तो पहिल्यांदा माझ्या काट्यावर चढला,
आणि मल्लवाला फाटकात अडवलं.
"पडलेल्याला पैसे? किती?"
"किलोला पाच."
ती गोणपाटाची घडी घालत राहिली,
आधी दुहेरी, मग चौपदरी.

पुढं पुढं पडलेला पुरेना.
बांधावरच्या अकेशिया आल्या, सुरू आले,
फळी न होताच
सरळ भुसा झाले.

तपासणीला एक मॅडम आल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या.
त्यांच्या तक्त्यात चिमणीच्या धुरापुढं शून्य होतं.
"हा धूर मोजत नाहीत?"
"झाड तोडलं तिथं मोजतात, काका."
"तिथं किती?"
"तिथं परत उगवेल असं धरतात."
चहा त्यांनी बिनसाखरेचा घेतला.
मी बोललो नाही, पण शून्याशी माझी रोजची गाठ आहे.
काट्यावर काही नसतानाही
वारा सुटला की दहा किलो येतात
आणि जातात.

मार्चात तिकडं कुणीतरी सही केली
किंवा केली नाही.
अनुदान थांबलं.
मुरगावच्या बंदरात कंटेनर अडकले,
रोजचं भाडं चढत गेलं,
शेवटच्या दोन गाड्या तर अनमोड घाट चढून माघारी आल्या.
मी तोलल्या.
गेला त्यापेक्षा माल एकशे चाळीस किलो जड.
दर्याची ओल पिऊन आला होता.
पावतीवर त्यासाठी रकाना नाही.
लुमाण्णानं आकडा पाहिला, डोक्यावरची टोपी काढली,
आत झटकली, परत घातली.
"ज्याला पायजे त्यानं न्या म्हणावं."

मल्लवा आली.
पेलेट शेगडीत ठासून बसेनात,
बाटली काढली की घरंगळून भोक बुजवायचे.
चार दिवस चुलीवर काढले तिनं.
पाचव्या दिवशी चिडून
तांब्याभर पाणी ओतलं त्यांच्यावर.
"बघ की," मला सांगत होती,
"फुगले, फुटले, नि भुसाच झाला की रे परत!
अंगणात वाळत घातलाय.
कोंबड्या उकरालेत."

एवढ्या लांबचा प्रवास,
एवढं दाबणं, एवढे कागद,
आणि लागलं तांब्याभर पाणी.

दुसरी गोणी डोक्यावर घेऊन
ती काट्यावरूनच आडवी निघाली.
सवयीनं माझी नजर आकड्याकडं गेली.
सत्तर.
पण रिकाम्या मल्लवाचं वजन
माझ्या कुठल्याच वहीत नाही,
तेव्हा माल किती
ते सांगता येत नाही.